बाईला मैत्रीण लागते



संयोजकांनी मला 'ज्येष्ठ स्त्रियांच्या समस्या' असा विषय सुचवला होता. मी तो बदलून मागितला आणि त्यांनी तो मोठ्या मनानं बदलून दिला, याबद्दल आधी त्यांचे आभार. समस्यांवर बोलू नये असं मला म्हणायचं नाही. गुडघे आहेत, मोतीबिंदू आहे, हातात पैसा नसणं आहे, घरात ऐकून घेणारं कोणी नसणं आहे. यावर पुष्कळ बोललं जातं आणि बोललं गेलंच पाहिजे. पण साठी-सत्तरी गाठलेल्या बाईकडे काय नाही याची यादी करताना तिच्याकडे काय आहे हे कोणी विचारत नाही. तिच्याकडे मैत्रिणी आहेत. गुरुवारचं भजन आहे, महिन्याची भिशी आहे, संध्याकाळी ओट्यावर जमणाऱ्या चौघी आहेत. घरातले लोक याला हौस म्हणतात. 'आईला जरा विरंगुळा होतो' असं कौतुकानं सांगतात. माझं म्हणणं असं आहे की हा विरंगुळा नाही. बीपीच्या गोळीइतकीच ही तिची गरज आहे. आणि ही गरज भागवायची सोय आपल्या खानदेशातल्या बायांनी कोणाच्या अनुदानाशिवाय, कोणाच्या परवानगीची वाट न पाहता, पिढ्यान् पिढ्या स्वतः उभी केलेली आहे.

आधी मी बोलणार आहे ते बाईची मैत्री तुटते कशी यावर. मग ती ज्या निमित्तांच्या आडोशानं जगली त्या निमित्तांवर. आणि शेवटी आजच्या गटांवर, त्यांच्या ताकदीवर आणि त्यांच्या उणिवांवरही.

सभागृहातल्या पुरुषांना एक प्रश्न विचारते. तुमचा सर्वांत जुना मित्र कोण? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शाळेतला, गल्लीतला, तालमीतला कोणीतरी आला असेल. तो आजही एरंडोलला किंवा चोपड्याला असेल आणि बाजाराच्या दिवशी तुमची भेट होत असेल. आता हाच प्रश्न शेजारी बसलेल्या तुमच्या पत्नीला विचारा. तिची दहाव्या वर्षीची मैत्रीण आज कुठे आहे? बहुतेकींना सांगता येणार नाही. लग्न झालं, एक या गावी गेली, दुसरी त्या गावी. दोघींची आडनावं बदलली. आपल्याकडे कित्येक घरांत लग्नात पहिलं नावही बदलतं. म्हणजे तिला शोधायला निघालं, तरी कोणत्या नावानं शोधायचं?

या तुटलेल्या मैत्रीला जोडणारा एक दिवस खानदेशानं राखून ठेवला होता. आखाजी. बाकीचा महाराष्ट्र अक्षय तृतीयेला सोनं खरेदी करतो, आपल्याकडे त्या दिवशी लेक माहेरी येते. वैशाखाचं ऊन, निंबाच्या झाडाला बांधलेला झोका, गौराईची गाणी, आणि त्या झोक्यावर शेजारी येऊन बसणारी लहानपणची सोबतीण. बापे पत्ते खेळायला बसतात आणि बाया दिवसभर मोकळ्या. आखाजीचं महत्त्व मला पुरणपोळीपेक्षा यासाठी जास्त वाटतं, की वर्षातून एकदा गावच्या सगळ्या लेकी एकाच वेळी गावात असत. भाऊबीजेला भाऊ भेटतो, आखाजीला मैत्रीण भेटते.

पण किती वर्षं? लग्नानंतर पहिली पाच-सात. मग मुलांच्या परीक्षा, मग शेतीची कामं, मग आई जाते, भाऊ वेगळे होतात आणि माहेर विरळ होत जातं. चाळिशीत येईपर्यंत बहुतेकींच्या हातून लहानपणची मैत्रीण कायमची सुटलेली असते. तिच्यासाठी कोणी दुखवटा पाळत नाही. ही एक हानी झाली आहे, हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या कवयित्री बहिणाबाईंचं पाहा. 1880 साली आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरी लग्न. आसोदा जळगावपासून किती लांब? चालत गेलं तरी तास-दीड तास. एवढ्याशा अंतरावरच्या माहेरासाठी त्या बाईनं जी गाणी रचली, ती आज शाळेतल्या मुलांना पाठ आहेत. तिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पुढची चाळीस वर्षं शेत, घर, जातं. 1951 च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या आग्रहानं त्यांची गाणी पुस्तकात आली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. त्या दोघांचे उपकार आहेतच. पण मला नेहमी वाटतं, कागदावर येण्याआधी ती गाणी कोणी ऐकली असतील? शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बाईनं ऐकली असतील, जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेलीनं ऐकली असतील. लिहून घेणाऱ्यांची नावं आपल्याकडे आहेत, ऐकणाऱ्या बायांची नाहीत. गाणाऱ्या बाईला ऐकणारी बाई मिळाली नसती, तर ती इतकी वर्षं गात राहिली असती का?

इथून मी निमित्तांकडे येते.

पुरुषाला पारावर जाऊन बसायला कारण लागत नाही. तो जातो, बसतो, तंबाखू मळतो, उठून येतो. 'कुठे गेला होता?' 'पारावर.' विषय संपला. बाईला मात्र नुसतं बसायची मुभा आपल्या समाजानं कधी दिली नाही. तिच्या हाताला काम हवं किंवा तोंडात देवाचं नाव हवं. म्हणून बायांनी कामातच मैत्री शिवून टाकली.

उन्हाळ्यातले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आठवा. ज्वारी भिजवून, दळून, पीठ आंबवायचं. पहाटे चारला चूल पेटते. मोठ्या पातेल्यात घाटा शिजायला लागला की एकटीच्या हातानं तो हाटला जात नाही, दुसरीला पातेलं धरावंच लागतं. लसूण, जिरं, तीळ, हिंग. अंगणात बाजेवर जुन्या लुगड्याचं ओलं फडकं पसरलेलं असतं. हात पाण्यात बुडवायचा, वाफाळता गोळा घ्यायचा आणि बोटं भाजत असताना पातळ थापत जायचं, कारण ऊन चढायच्या आत सगळं आटपलं पाहिजे. चार-पाच जणी लागतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, परवा तिसरीकडे. पैशांचा व्यवहार नाही, कोणाची किती पाळी झाली याची वही नाही. त्या तीन-चार तासांत काय काय बोललं जात असेल! कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाच्या नवऱ्यानं शेत गहाण टाकलंय, कोणाच्या लेकीला सासरी मार बसतोय. थापताना नजर खाली असते, समोरचीच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून कठीण गोष्टही तोंडातून निघते. हे ज्यांनी केलंय त्यांना मी काय म्हणते ते कळलं असेल. आज बिबडे विकत मिळतात. तयार पाकीट आणण्यात काहीच वाईट नाही, बाईच्या पाठीचे कष्ट वाचले. फक्त त्या पाकिटाबरोबर ती पहाटही गेली, एवढंच माझं सांगणं आहे.

शेतातही तेच. निंदायला बाया रांगेनं बसतात, प्रत्येकीला तिची पात. वय झालेली एखादी मागे पडायला लागते. मालक बघत असतो, मुकादम बघत असतो. तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया आपली पात ओढता ओढता हात लांब करून तिच्याही पातीतलं गवत काढत जातात. एक अक्षर न बोलता. त्यामुळे ती म्हातारी त्या टोळीत राहते, तिची मजुरी टिकते, तिचा मान टिकतो. मैत्रीवर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण ज्या मैत्रीनं एखादीची रोजी वाचवली तिची नोंद कुठे आहे?

नोंद घेणारे काही भले लोक होऊन गेले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी बायांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या आणि 'स्त्री जीवन' या नावानं छापल्या. पुढे पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! ज्यांना लिहायला शिकवलं नाही त्या बायांनी एकमेकींना सांगितलेल्या या गोष्टी आहेत. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, दळण्याचे कष्ट संपले हे फार चांगलं झालं. पण पहाटे दोघींनी समोरासमोर बसायची जागाही संपली.

आणि निमित्त सोडून बाया नुसत्या जमल्या तर काय होतं? 1882 साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे त्या सभांना जात. त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, 1910 साली त्या प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी, नवऱ्याचा पूर्ण पाठिंबा, आणि तरीही या सभांना जाते म्हणून घरातल्याच वडीलधाऱ्या बायांचा केवढा राग तिला सोसावा लागला! ज्यांनी सोबत करायची त्याच आडव्या आल्या. का? कारण त्या वडीलधाऱ्या बायांना तशी सोबत कधी मिळालीच नव्हती. स्वतःला जे मिळालं नाही ते दुसरीनं उघडपणे घ्यावं, हे सोसायला मन फार मोठं लागतं. आजही एखादी सासू सुनेच्या भिशीला नाक मुरडते आणि एखादी सून सासूच्या भजनाला. दोघींनीही हे ऐकावं, म्हणून सांगितलं.

आता आजचं बघू. मी धुळ्यात राहिले, जळगावात राहिले. दोन्ही गावांतलं नव्वद किलोमीटरचं अंतर एसटीनं कितीदा तरी कापलं. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं आखून दिलेल्या जुन्या धुळ्यात गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. त्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांना ओटे आहेत. संध्याकाळी पाचनंतर त्या ओट्यांवर लसूण सोलत, मेथी निवडत बसलेल्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. त्यातली एखादी दिसली नाही की प्रश्न ठरलेला, 'कोठे गयथी वं माय? दोन रोज दिखनी नही.' जळगावात मेहरूण तलावाच्या काठानं सकाळी फिरणाऱ्या बायांत पायांत बूट आणि अंगावर नऊवारी अशाही आहेत. त्यांच्यातही दोन दिवस कोणी आलं नाही की फोन जातो.

माझ्या मते सगळ्या गटांचं सार या एका गोष्टीत आहे. नियमितपणा. मैत्री प्रेमावर चालते असं आपण म्हणतो, पण सत्तरीनंतरची मैत्री ठरलेल्या वारावर आणि ठरलेल्या वेळेवर चालते. गुरुवार म्हणजे गुरुवार. चार म्हणजे चार. कारण तुमची जागा ठरलेली असली तरच तुमची रिकामी जागा दिसते. मुलगा पुण्याला, लेक सुरतला, नवरा गेलेला, अशा घरात बाई पडली तर कोणाला कळणार? ज्या बाईचं गुरुवारचं भजन आहे, तिच्या दाराची कडी गुरुवारी साडेचारला वाजते. ज्या बाईचं काहीच नाही, तिच्या दाराची कडी कधी वाजेल?

आणखी एक. घरी तिला सगळे नात्यानं हाक मारतात. आई, आजी, काकू, जिजी. तिला नावानं हाक मारणारे आई-वडील गेले, मोठा भाऊ गेला. मग सिंधू, कमल, प्रमिला अशी तिच्या नावानं हाक या जगात उरली कुठे? फक्त मैत्रिणींत. एका भजनी मंडळात मी पाहिलं, हजेरीच्या वहीत प्रत्येकीचं नुसतं नाव लिहिलेलं होतं, ना नवऱ्याचं नाव, ना आडनाव. सत्तरी ओलांडलेल्या बाया त्या नावापुढे थरथरत्या हातानं सही करत होत्या, आणि सही येत नसलेल्या एकीनं नावापुढे छोटीशी तुळस काढली होती. ती तुळस त्या मंडळात तिची सही म्हणून चालते.

सही येत नाही यात त्या बाईचा दोष काय? 2011 च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या बायांपैकी साक्षर होत्या 28 टक्के, पुरुष 59 टक्के. तेव्हा ज्येष्ठांसाठी वाचनालयात कोपरा केला की काम झालं, असं समजू नका. आपलं जळगावचं व. वा. वाचनालय 1877 पासून आहे, त्याचा मला अभिमान आहे, पण या बायांचं वाचनालय भजनात आहे. पाठ असलेले शेकडो अभंग त्या एकमेकींकडून ऐकून शिकल्या. आणि शिकायची भूक संपत नाही, हे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाच्या लहानशा गावानं दाखवून दिलं. 8 मार्च 2016 ला तिथे योगेंद्र बांगर या शिक्षकानं आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी लुगडं हा गणवेश घालून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. जगभरातून लोक ती शाळा बघायला आले. अक्षरं किती आली हा भाग वेगळा. गावातल्या सगळ्या आज्या रोज दोन तास एकत्र बसल्या, मला ते जास्त मोलाचं वाटतं.

भिशीबद्दलही बोललं पाहिजे, कारण भिशी म्हटलं की लोकांना साड्या आणि समोसे आठवतात. भिशी म्हणजे काय? दहा-बारा जणी दरमहा ठराविक रक्कम काढतात, चिठ्ठी निघते, जिच्या नावाची निघेल तिला सगळी रक्कम. शंभराची भिशी असो की हजाराची, ज्या बाईनं आयुष्यभर दहा रुपयांचाही हिशेब दिला, तिच्या हातात पहिल्यांदा असा पैसा येतो की ज्याचा हिशेब तिला कोणी मागत नाही. अडीअडचण असलेल्या बाईला आधी भिशी देऊन टाकायची, चिठ्ठी नंतर काढायची, हे किती भिशींत चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. जपानच्या ओकिनावा बेटावर माणसं फार जगतात म्हणून जगभरचे अभ्यासक तिथे जातात. आहार बघतात, हवा बघतात. तिथे त्यांना 'मोआई' सापडलं. मोआई म्हणजे काय तर काही मित्र-मैत्रिणींनी मिळून ठराविक दिवशी जमायचं, थोडे पैसे गोळा करायचे, गरज असेल त्याला द्यायचे, आणि हे मरेपर्यंत चालवायचं. नव्वदीतल्या बाया तिथे लहानपणच्या मोआईत बसतात. म्हणजे आपली भिशीच! ओकिनावाची भिशी पाहून जग अचंबा करतं, आणि आपल्या घरातल्या भिशीला आपण 'बायकांचा टाइमपास' म्हणतो.

सरकारनंही बायांच्या एकत्र बसण्याची ताकद ओळखली, पण तिला कर्जाचं रूप दिलं. 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ आलं, पुढे गावोगाव बचत गट झाले. त्यानं बायांच्या हातात पैसा आला, बँकेत पाय पडला, हे मोठं काम आहे. पण साठीनंतर कर्ज कोण देतं? वय झालं की ती हळूहळू बाजूला पडते आणि तिच्या जागी सून येते. सुनेनं यावंच. पण त्या गटात तिच्या सासूला वीस वर्षांच्या मैत्रिणी होत्या, त्यांचं काय करायचं, हे कोणत्याही योजनेत लिहिलेलं नाही.

एसटीचं मात्र मी मनापासून कौतुक करते. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत झाली. 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट झालं. याचा अर्थ मंत्रालयात बसून कळणार नाही, यावल किंवा साक्री स्टँडवर उभं राहिलं तर कळेल. म्हाताऱ्या बाया गटागटानं मनुदेवीला, पद्मालयाला, पाटणादेवीला, एकवीरेला निघालेल्या दिसतात. आणि कित्येक जणी माहेरच्या गावी निघालेल्या असतात, जिथे आता माहेर उरलेलं नाही, पण लहानपणची मैत्रीण विधवा होऊन परत भावाच्या आसऱ्याला आलेली आहे. पन्नास वर्षांपूर्वी तुटलेला दोरा अर्ध्या तिकिटानं जोडला गेला, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि वारी! आपल्या मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभर चालून पंढरपूरला जाते. त्या दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेल्या साठी-पासष्टीच्या बाया वर्षानुवर्षं त्याच सोबतिणींबरोबर चालतात. वर्षाचे अकरा महिने एक बोदवडला, एक जामनेरला. त्या एका महिन्यात त्या एकत्र झोपतात, एकत्र नदीवर धुतात, एकमेकींच्या पायाच्या फोडांना हळद लावतात. बाईच्या नावानं निघालेली पालखी आहे ही, आणि बायांच्या मैत्रीला तिच्याइतकं मोठं छत्र दुसरं मला दिसत नाही.

इथवर मी कौतुक केलं. पण मी या गटांवर मनापासून प्रेम करते, म्हणूनच पुढचं बोलणं मला भाग आहे.

या सतरंजीवर कोण नाही?

पहिली, विधवा. 2011 च्याच जनगणनेनं सांगितलंय की साठीपुढच्या पुरुषांपैकी 82 टक्क्यांची बायको हयात आहे, पण बायांपैकी निम्म्याच अशा आहेत ज्यांचा नवरा हयात आहे. म्हणजे ज्येष्ठ बायांचा गट म्हटला की त्यात निम्म्या विधवा असणारच. आणि आपण संक्रांतीला हळदीकुंकू ठेवतो! जी गेल्या वर्षी तुमच्या शेजारी बसून वाण घेत होती, ती यंदा नवरा गेला म्हणून घरी बसते. तिला ज्या महिन्यात मैत्रिणींची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच महिन्यात आपण तिला बोलवत नाही. याहून मोठा अपराध मैत्रीत कोणता असेल? 14 जानेवारी 1852 ला, पावणेदोनशे वर्षांपूर्वी, सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ केला तेव्हा निमंत्रणातच लिहिलं होतं की सर्व जातींच्या बायांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, भेदभाव होणार नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अपमानाच्या चाली बंद केल्या आणि सरकारनं बाकीच्या गावांना तेच करायला सांगितलं. मग आपल्या कॉलनीतल्या, आपल्या सोसायटीतल्या दहा बायांच्या गटाला ठराव करायला काय अडचण आहे? भजनाला कुंकू लागत नाही. म्हणूनच आपल्याकडे विधवा बाई भजनी मंडळात टिकून राहिली, आणि म्हणूनच मी भजनी मंडळाला बायांची सर्वांत मोठी संस्था मानते.

दुसरी, वेगळ्या जातीची. कानबाईला आपण सगळी भाऊबंदकी गोळा करतो, रात्रभर जागतो, रोट वाटून खातो. फार सुंदर सण आहे. पण तो भाऊबंदकीचा आहे. आपल्या भिशीही पुष्कळदा तशाच भाऊबंदकीच्या असतात हे आपण मान्य करूया. तुमच्या गटातल्या आडनावांची यादी घरी जाऊन एकदा बघा.

तिसरी, जिला चार वाजता वेळच नसते. धुणीभांडी करणारी, कापूस वेचायला जाणारी, साठी उलटली तरी रोजानं राबणारी. आपला गट दुपारी चारला भरतो, तेव्हा ती तुमच्याच घरी भांडी घासत असते. तिच्यासाठी रात्री साडेआठला भजन ठेवता येईल का? काही मंडळांनी ठेवलं आहे. त्या मंडळांना माझा दंडवत.

आणि ज्येष्ठ नागरिक संघांबद्दलही सांगते. महाराष्ट्रात त्यांचा महासंघ 1980 पासून आहे, गावोगाव शाखा आहेत, चांगलं काम करतात. पण सभेला गेलं की पुढच्या खुर्च्यांवर पुरुष आणि मागे भिंतीला लागून बाया हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की ते बदलायची मागणी मी या व्यासपीठावरून करते. अध्यक्ष एका वर्षी बाई असू द्या. भाषण कमी, गाणं जास्त असू द्या. मग बघा हजेरी किती वाढते.

रुसवेफुगवे होतात, हे मला माहीत आहे. कोणाला आधी चहा दिला, कोणाचा अभंग घेतला नाही, कोणाच्या सुनेबद्दल कोण काय बोललं. सत्तरीत सुद्धा बाया महिनामहिना बोलत नाहीत. मला त्याची भीती वाटत नाही. भांडण घरच्यांशी करायला बाई घाबरते, कारण तिथे जेवण अवलंबून असतं. मैत्रिणीशी ती बिनघोर भांडू शकते आणि पुढच्या एकादशीला फराळाचं ताट घेऊन तिच्या दारात उभी राहू शकते. हे स्वातंत्र्य तिला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या नात्यानं दिलं?

माझ्या मागण्या थोड्या आहेत.

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांना सांगणं आहे की दुपारनंतर रिकाम्या पडणाऱ्या शाळांतली एकेक खोली वॉर्डातल्या ज्येष्ठ बायांना ठरलेल्या वारी उघडून द्या. नवीन इमारत नको, किल्ली द्या. सामाजिक सभागृहांच्या किल्ल्या नगरसेवकांच्या कार्यकर्त्यांकडे असतात, त्यातली एक भजनी मंडळाकडे असू द्या. उद्यानांत बाकं बसवताना पाठ टेकायची सोय करा. आणि जिथे बाया जमतात तिथे स्वच्छ, कडी लागणारं, कमोड असलेलं स्वच्छतागृह द्या. स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिता भजनाला येणाऱ्या बाया मला माहीत आहेत. म्हातारी बाई घराबाहेर का पडत नाही, याची निम्मी कारणं या एका ओळीत आहेत.

नवीन सोसायट्या बांधणाऱ्यांना सांगणं आहे की तुम्ही पार्किंग देता, जिम देता, एक ओटा द्या. जिन्याच्या तोंडाशी, सावलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ दिसेल असा. फ्लॅटमध्ये आलेली म्हातारी बाई बंद दारामागे टीव्ही बघत बसते, कारण दाराबाहेर बसायला एक पायरीसुद्धा नसते.

घरातल्या मुलांना, सुनांना, लेकींना हात जोडून सांगते. तुमची मुलं सांभाळायला आईला पुण्याला, मुंबईला, अमेरिकेला नेताना ती मागे काय सोडून येते, ते तिला विचारा. नातवंडांसाठी ती आनंदानं येईल. पण तिचा गुरुवार तिथे नसतो. तिथे तिला नावानं हाक मारणारं कोणी नसतं. तिकीट काढताना परतीची तारीख तिला ठरवू द्या, आणि तिकडे असताना तिच्या मंडळाशी व्हिडिओ कॉल लावून द्यायचं काम नातवाकडे सोपवा.

आणि माझ्या भगिनींनो, तुम्हाला एकच सांगते. तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत एक बाई अशी आहे जिचा कुठलाच वार ठरलेला नाही. ती नवीन राहायला आलेली असेल, यंदाच नवरा गेलेली असेल, वेगळ्या जातीची असेल, किंवा ऐकू कमी येतं म्हणून मागे राहणारी असेल. ती स्वतःहून येणार नाही, कारण न बोलावता जायचं नाही हे तिला लहानपणापासून शिकवलंय. या गुरुवारी चारच्या आधी तिच्या दाराची कडी वाजवा, तिचं नाव विचारा, आणि तिला सोबत घेऊन या.